मार्ग आणि मुक्काम

नवापूरला आगगाडी आली त्याला सव्वाशे वर्षे होत आली. शहाद्याला ती आजतागायत आलेली नाही. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार शहाद्याची लोकसंख्या ६१ हजारांवर आहे आणि नवापूरची जेमतेम ३० हजार. जेथे रेल्वे जाते तेथे वस्ती वाढते, हा सर्वसाधारण समज खरा असता, तर हे आकडे नेमके उलट असावयास हवे होते. शिवाय नवापूरजवळ केवळ लोहमार्गच आहे असे नाही. सुरतेहून धुळ्याकडे जाणारा, पूर्वी क्रमांक ६ चा आणि आता क्रमांक ५३ चा म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्गही त्याच्या दाराशी आहे. नंदुरबार जिल्ह्यात नवे रस्ते, नवे पूल, नवे लोहमार्ग यांच्या मागण्या होतात, आश्वासने दिली जातात, भूमिपूजने पार पडतात. या साऱ्यांच्या मुळाशी तोच समज असतो. म्हणूनच तो तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जुनी दिशा

तापीचे खोरे पश्चिमेकडे उघडते आणि या प्रदेशातील दळणवळणाने नेहमीच ती दिशा मानली आहे. सतराव्या शतकात सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणारा व्यापारी मार्ग नवापूर व नंदुरबार येथून जात असे. ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापूरच्या कस्तुरीसारख्या सुवासाच्या तांदळाची वाखाणणी आपल्या प्रवासवर्णनात करून ठेवली आहे. अकबराच्या राजवटीत नंदुरबार हे माळवा सुभ्यातील एका सरकारचे ठाणे होते. म्हणजे रेल्वेच्या कितीतरी आधी येथे मार्ग होता, बाजार होता आणि गावेही होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तापी व्हॅली रेल्वेने सुरत ते अमळनेर असा लोहमार्ग टाकला, तो याच जुन्या वाटेला धरून. त्याच सुमारास, १८९९–१९०० मध्ये, गुजरात आणि खानदेश ‘छप्पन्न’च्या दुष्काळात होरपळत होते. तापीच्या दक्षिणेकडून जाणाऱ्या या मार्गाने नवापूर, चिंचपाडा, खांडबारा, नंदुरबार, रनाळे ही गावे सुरतेशी बांधली. तापीच्या उत्तरेकडील शहादे, तळोदे, अक्कलकुवा आणि अक्राणी हा सारा मुलूख मात्र लोहमार्गाविना राहिला, आणि तो आजही तसाच आहे.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही दोन राज्ये झाली. पश्चिम खानदेशातील नंदुरबार, नवापूर, तळोदे व अक्कलकुवा या तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. नवापूरचे स्थानक तर दोन राज्यांत विभागले गेले. त्याच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात, तर उरलेला गुजरातेत आहे. प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ गंभीर आहे. राजधानी दक्षिणेला, जिल्ह्याचे जुने मुख्यालय धुळ्याला आणि बाजार पश्चिमेला सुरतेकडे, अशी या भूभागाची तीन दिशांना ओढाताण झाली. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा झाल्याने त्यांपैकी एक ओढ सुटली. बाजाराची आणि मजुरीची ओढ मात्र कायम राहिली.

गाडी थांबते तेथे

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स कूली यांनी १८९४ मध्ये वाहतुकीविषयी एक सिद्धान्त मांडला. मालाची वाहतूक जेथे खंडित होते, म्हणजे तो एका वाहनातून दुसऱ्यात चढविला जातो, साठविला जातो किंवा त्याची मालकी बदलते, तेथे लोकसंख्या आणि संपत्ती एकवटते, असे त्याचे सार सांगता येईल. वस्ती वाढण्याचे खरे कारण मार्गावरील खंडात असते. मार्ग नुसता जवळून जाण्याने फारसे घडत नाही.

खानदेशातल्या वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावयास नको. भुसावळ हे रेल्वेपूर्व काळात लहानसे गाव होते. नागपूरचा फाटा तेथून फुटला, इंजिने बदलू लागली, कारखाना निघाला, कर्मचाऱ्यांच्या चाळी उठल्या आणि २०११ पर्यंत त्या गावची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या पुढे गेली. तापी खोऱ्याच्या लोहमार्गावर नंदुरबार जिल्ह्यात असे जंक्शन झाले नाही. गाडी येते, प्रवासी चढतात, गाडी जाते. नवापूरच्या वाट्याला आले ते मुख्यतः हे येणे-जाणे.

याउलट शहाद्याला रेल्वे नसली तरी ‘खंड’ आहे. तापी आणि गोमाईच्या काळ्या जमिनीतील केळी, पपई, ऊस व कापूस तेथे येतो, विकला जातो, भरला जातो. जवळच सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि त्याच्याभोवती पुरुषोत्तमनगर ही वसाहत झाली. बऱ्हाणपूर–अंकलेश्वर रस्ता शहाद्यावरून जातो. सारंगखेडा व प्रकाशा येथील पुलांनी तापी ओलांडता येते. रेल्वेचे काम येथे एस. टी. व मालमोटार करतात. नंदुरबार शहराची कहाणी याच सूत्राने उलगडते. तेथे रेल्वे आहे हे खरे. परंतु शहराला एक लाखाच्या पुढे नेले ते मिरचीच्या बाजाराने आणि १९९८ नंतर आलेल्या जिल्हा कचेऱ्यांनी. शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर वाळणारी लाल मिरची हे वाहतुकीतल्या खंडाचे उघड्यावरचे उदाहरणच आहे. ती येथे थांबते, वाळते, निवडली जाते, म्हणून येथे हातांना काम मिळते.

नवापूरनेही हा धडा एका बाबतीत गिरविला. महामार्गाच्या आधाराने तेथे कुक्कुटपालनाचा धंदा वाढला. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव नवापुरातच आढळला आणि तो धंदा कोसळला, तेव्हा एका गावाची रोजी एका मालावर किती अवलंबून होती हे सर्वांना कळून चुकले.

बाहेर नेणारी वाट

मार्गावर खंड नसेल, तर मार्ग काय करतो? तो माणसांना बाहेर नेतो. हे नंदुरबार जिल्ह्याइतके स्पष्टपणे महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी दिसेल. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याच्या साडेसोळा लाख लोकसंख्येपैकी सुमारे ६९ टक्के अनुसूचित जमातींचे लोक होते. सातपुड्यातील भिल्ल, पावरा आणि दक्षिणेकडील मावची, कोकणी कुटुंबांपैकी हजारो कुटुंबे पावसाळी पिके निघाल्यावर गुजरातेत जातात. मुकादमाची उचल घेतलेली, कोयता आणि भांडीकुंडी घेतलेली ही कुटुंबे दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांच्या फडांवर, सुरतेच्या बांधकामांवर किंवा सौराष्ट्राच्या शेतांवर काही महिने राहतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी बारडोली परिसरातील ऊसतोडीचा अभ्यास करताना खानदेशातून येणाऱ्या या मजुरांच्या हलाखीकडे दशकांपूर्वी लक्ष वेधले होते. बारडोली हे याच तापी लोहमार्गावरचे स्थानक आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

हा केवळ योगायोग मानण्याचे कारण नाही. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेच्या देशव्यापी परिणामांचा सॅम ॲशर व पॉल नोवोसाद या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गावाला पक्का रस्ता मिळाल्यानंतर सुमारे चार वर्षांनी कामकरी माणसे शेतीतून बाहेरच्या कामांकडे वळलेली दिसली. परंतु शेतीचे उत्पादन, उत्पन्न अथवा कुटुंबांची मालमत्ता यांत मोठा फरक दिसला नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे. रस्ता निरुपयोगी ठरला असा याचा अर्थ मुळीच नाही. दूरची मजुरी मिळणे हेही भुकेल्या कुटुंबाला मोलाचे असते. पण एकटा रस्ता गावाचा धंदा उभा करीत नाही, एवढे त्यावरून निश्चित होते. उधना–जळगाव लोहमार्गाच्या सुमारे ३०७ किलोमीटर लांबीचे दुहेरीकरण व विद्युतीकरण २०१९ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यामुळे गाड्यांची ये-जा सुलभ झाली. मात्र ही वाढलेली क्षमता जिल्ह्याचा माल नेण्यास वापरली जाणार की जिल्ह्याचे मजूर नेण्यास, हे लोहमार्ग ठरवीत नाही.

पाड्यांचे गणित

सातपुड्याच्या आत गेले की प्रश्नाचे स्वरूपच बदलते. पठारावरील गाव जसे एका गावठाणात दाटीने वसलेले असते, तसे येथे नाही. आपापल्या शेतात घर, घरांचा मिळून पाडा आणि विखुरलेल्या अनेक पाड्यांचे मिळून महसुली गाव, अशी येथील रचना आहे. ही रचना डोंगरउताराची शेती, गुरे आणि जंगल यांच्या गरजांतून झालेली आहे. ग्रामसडक योजना मात्र २००० मध्ये सुरू झाली तेव्हापासून लोकसंख्येची किमान मर्यादा पाहते: सपाटीवर ५०० आणि डोंगरी व आदिवासी भागांत २५०. लगतच्या वस्त्या एकत्र मोजण्याची मुभा असली, तरी नाल्याच्या दोन तीरांवरचे किंवा डोंगराच्या दोन धारांवरचे पाडे त्यात बसविणे अवघड जाते. परिणामी दाट राहणाऱ्याला रस्ता आणि विखुरलेल्याला पायवाट, असा न्याय होतो. शाळा, दवाखाना, रेशन दुकान हे सारे रस्त्यावर येते आणि पाड्यातील कुटुंबाला हळूहळू रस्त्याकडे सरकावे लागते. कागदावर ही वस्तीची स्वाभाविक वाढ ठरते. वास्तविक ती एका निकषाने केलेली सक्ती असते.

या निकषाची किंमत माणसे मोजतात. सप्टेंबर २०२१ मध्ये चांदसैली घाटात दरड कोसळून वाट बंद झाली असता एका आजारी स्त्रीला तिच्या पतीने खांद्यावर उचलून नेण्याची पराकाष्ठा केली. उपचार मिळण्यापूर्वीच तिचा मृत्यू झाला. बांबूच्या झोळीतून गरोदर स्त्रियांना रस्त्यापर्यंत नेल्याच्या बातम्या तर पावसाळ्यात नेमाने येतात. जिल्ह्याच्या ठिकाणी २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु झोळीच्या वाटेवरचे पहिले काही किलोमीटर त्याने कमी होत नाहीत.

नर्मदाकाठी तर वाटाच बुडाल्या. सरदार सरोवरामुळे अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील अनेक कुटुंबांना तळोदे व शहादे परिसरातील पुनर्वसन वसाहतींत आणून वसविण्यात आले. डोंगरात विखुरलेला समाज एका आदेशाने ओळीने आखलेल्या भूखंडांत राहू लागला. २०१९ मध्ये जलाशय प्रथमच १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीपर्यंत भरला. काठावर मागे राहिलेल्या पाड्यांची एकमेकांकडे जाणारी जुनी पायवाट पाण्याखाली गेली आणि त्यांना होडीचा व तरंगत्या दवाखान्याचा आधार घ्यावा लागला. दळणवळण वस्ती घडविते, तसे दळणवळण तुटणेही वस्ती मोडते, याचा हा दाखला आहे.

आधी काय, मग काय

या जिल्ह्यात नियमित प्रवासी विमानसेवा नाही. सुरत आणि जळगाव येथील विमानतळांकडे पाहून तशी आकांक्षा कोणी बाळगली, तर तिला हसण्याचे कारण नाही. पण विमानतळ प्रथम वस्ती हलवितो आणि नंतर, झालीच तर, वसवितो. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले, त्यापूर्वी पनवेल तालुक्यातील दहा गावांना आपली जागा सोडावी लागली होती. तेथे मुंबईसारखी महानगरी त्याची वाट पाहत होती. ज्या जिल्ह्यात २०११ साली अक्राणी व अक्कलकुवा या दोन तालुक्यांत एकही नगरपालिका नव्हती, तेथे अग्रक्रम वेगळाच असला पाहिजे.

तो अग्रक्रम तीन गोष्टींचा आहे. पहिली, पाड्याला रस्ता देताना डोक्यांऐवजी अंतर मोजावे. दवाखाना आणि शाळा गाठावयास पावसाळ्यात किती वेळ लागतो, हा निकष ठेवला तर अनेक ठिकाणी मोठ्या रस्त्याऐवजी एक साकव आणि घाटातील दरडींचा बंदोबस्त एवढ्यानेही काम भागेल. दुसरी, सारे रस्ते बाहेर नेणारे न ठेवता मोलगी, धडगाव, तोरणमाळ आणि शहादे यांना आडवे जोडणारे मार्ग बारमाही करावेत. म्हणजे डोंगरातल्या डोंगरात बाजार वाढेल. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, माल जेथे रस्त्याला लागतो तेथेच त्याला थांबविण्याची सोय करावी. सातपुड्यातील आमचूर घरोघरी सोलून, वाळवून मोलगी-धडगावच्या बाजारात येते आणि तेथून व्यापाऱ्यामार्फत बाहेर जाते. प्रतवारी, भरणी आणि साठवण यांची गोदामे तेथेच, उत्पादकांच्या मालकीची झाली, तर कूलींच्या सिद्धान्तातला खंड सातपुड्याच्या पदरात पडेल. शहाद्याने रेल्वेविना जे साधले, ते धडगावने साधू नये असे काही नाही.

यास पैसा लागेल. परंतु एखाद्या मोठ्या प्रकल्पाच्या तुलनेत तो थोडा असेल आणि त्याचे फळ येथेच राहील. अडचण पैशापेक्षा मोजमापाची आहे. शासकीय अहवालांत किती किलोमीटर रस्ता झाला हे लिहिले जाते; त्या रस्त्याने किती कुटुंबांना गावी राहून जगता आले, हे लिहिले जात नाही. सातपुड्यातील स्थलांतरित दूर कोठेही असले, तरी होळीला घरी परतण्याची धडपड करतात. आपले गाव त्यांनी सोडलेले नसते, याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. दिवाळीपासून होळीपर्यंत पाड्यातील किती घरांची दारे उघडी राहिली, याची नोंद प्रत्येक ग्रामपंचायतीने दर वर्षी ठेवावी आणि जिल्हा नियोजन समितीने रस्त्यांच्या निधीचा हिशेब त्या नोंदीशी ताडून पाहावा. असा ताळा पडू लागला, तरच या जिल्ह्यातील मार्ग येथल्या माणसांच्या मुक्कामास उपयोगी पडले असे म्हणता येईल.