कम्युनिटी कॉलेजातून अभियांत्रिकीकडे

कॅलिफोर्नियातील मिल्पिटास येथे जैन भवन आहे. त्या परिसरात स्थिरावलेल्या एखाद्या मराठी व्यापारी घराण्यातील मुलाने बारावीनंतर कम्युनिटी कॉलेजात नाव घातले, की इकडे आजोबांशी बोलताना तो विषय टाळला जातो. विद्यापीठाने नाकारले म्हणून मुलगा तिथे गेला, असा समज असतो. वस्तुतः राज्याच्या 1960 च्या उच्चशिक्षण आराखड्यानेच हा मार्ग आखून दिला आहे. पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात काढावयाची आणि पुढे विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जावयाचे. पदवीपत्रावर नाव विद्यापीठाचेच येते.

खर्चाचा आकडा कोणत्याही व्यापाऱ्याला पटेल असा आहे. राज्यातील रहिवाशाला युनिटमागे 46 डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या 60 युनिटांचे 2,760 डॉलर. विद्यापीठाचे एकाच वर्षाचे शुल्क याच्या कितीतरी पट होते. मात्र विद्यार्थी व्हिसावर भारतातून गेलेल्या मुलाला हा दर लागू नाही. त्याला युनिटमागे काहीशे डॉलर मोजावे लागतात आणि पुढे विद्यापीठातही अनिवासी अधिभार चुकत नाही. तेव्हा भाच्याला स्वस्तात पडले म्हणून आपल्या मुलालाही तेथे पाठवू पाहणाऱ्यांनी आधी हा फरक ध्यानात घ्यावा.

पैशापेक्षा अवघड आहे ती विषयांची जुळणी. निर्यातदाराला एलसीचा अनुभव असतोच. माल उत्तम असला, तरी कागदपत्रे अटींशी जुळली नाहीत तर बँक पैसे देत नाही. येथेही तसेच आहे. कोणत्या कॉलेजातील कोणता विषय कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदली धरला जाईल, याचे करार ‘असिस्ट’ या सरकारी संकेतस्थळावर शाखेनुसार दिलेले असतात. ते पहिल्या सत्रापूर्वीच वाचावेत. कॅल्क्युलसची मालिका, रेषीय बीजगणित, विकलक समीकरणे, कॅल्क्युलसवर आधारलेले भौतिकशास्त्र आणि बहुधा रसायनशास्त्र व प्रोग्रामिंग, असा हा क्रम असतो. त्यातील एक विषय झाल्याखेरीज दुसरा घेता येत नाही. ज्याला गणिताची सुरुवात प्रीकॅल्क्युलसपासून करावी लागते, त्याची दोन वर्षे सहज तीन होतात. इतिहास, कला असे सामान्य विषय आधी उरकून घेण्याचा मोह अनेकांना होतो. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने तो टाळावा. त्याची निवड प्रामुख्याने गणित-भौतिकातील तयारीवर होते.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा शाखा ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची हमी देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत. हमी देणाऱ्या ठिकाणीही अभियांत्रिकीचे सर्व अभ्यासक्रम तिच्यात येत नाहीत. रहिवाशाला सर्वसाधारण पात्रतेसाठी 2.4 गुणांक पुरतो खरा, पण संगणक अभियांत्रिकीसाठी त्यावर विसंबणे भोळेपणाचे ठरेल. हमीचा अर्ज सप्टेंबरमध्ये, बहुधा पर्युषण-दशलक्षणाच्या धामधुमीतच, भरावा लागतो. मुख्य अर्ज त्यानंतरच्या दोन महिन्यांत द्यायचा असतो. त्यात पुढील सत्राचे नियोजित विषयही लिहावे लागतात. त्यांतील एखादा मागाहून सोडला, तर विद्यापीठाला तत्काळ कळवावे. न कळवल्यास मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो.