सुनेल्याची उपेक्षा

‘पुष्कराज परवडत नसेल तर हा घ्या’ एवढीच आपल्या रत्नबाजारात सुनेल्याची ओळख. वस्तुतः बाजारातला पुष्कराज, म्हणजे पिवळा नीलम, हा कुरुविंद, काठिण्य ९. सुनेला हा स्फटिक, आपल्या गारगोटीचाच आप्त, काठिण्य ७. अंगठीत धुळीनेही त्याची झिलई कालांतराने उतरते. पदकात वा कर्णभूषणात मात्र त्याचे मोठे, निर्मळ खडे सोन्याला विलक्षण शोभतात, तेही माफक किमतीत. बहुतांश सुनेला हा जांभळा स्फटिक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पिवळा केलेला असतो. तापवण्यात गैर काही नाही, पण गिऱ्हाइकाला ते सांगायला नको काय? सराफांनी पावतीवर ‘पुष्कराजाचे उपरत्न’ असे मोघम न लिहिता ‘सुनेला, तापवलेला’ असे स्वच्छ लिहावे.