ठणका आणि गार पडलेले हात

बेंगळूरूच्या एचएसआर लेआउट या वसाहतीतून एका भगिनींचे पत्र आले आहे. नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेले हे मराठी कुटुंब दर वर्षी मे महिन्यात मुलाबाळांसह महाडजवळच्या आपल्या गावी जाते. मनुष्याला होणाऱ्या इजांपैकी सर्वांत असह्य इजा कोणती, असा त्यांचा प्रश्न आहे. शेजारणींत यावर एकमत होत नाही. कोणी मोडलेल्या मांडीच्या हाडाचे नाव घेते, कोणी पोळण्याचे. गावाकडच्या सासूबाई मात्र विंचवापुढे बाकी सारे किरकोळ मानतात.

वेदना तराजूत घालून तोलता येत नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली, रुग्ण कोणते शब्द निवडतो यावरून वेदनेचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. मराठी गृहिणीला या पद्धतीचे फारसे नवल वाटू नये. दाढेतून कळ येते, गळू ठसठसते, उसण भरली की चमक निघते, पोळले की आग होते आणि प्रसूतीच्या त्या वेणा. विंचवाचा असतो तो ठणका. तो दंशाच्या जागी सुरू होतो व हातापायातून वर वर सरकत जातो. म्हणूनच आपण विंचू ‘चढला’ आणि ‘उतरला’ असे म्हणतो. संत एकनाथांना भारुडासाठी हाच दंश सुचला, यावरून त्याची ओळख घरोघर किती होती हे दिसते.

तेव्हा सासूबाईंचे म्हणणे खोडून काढण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु भगिनींनी ध्यानात घ्यावी अशी गोष्ट याहून निराळी आहे. विंचवाच्या बाबतीत वेदना कितीही मोठी असली तरी ती धोक्याचे माप नव्हे.

काळीकभिन्न, दांडगी इंगळी पाहून माणसाची गाळण उडते. पण तिच्या दंशाने सहसा ठणक्यापलीकडे काही होत नाही. जीव घेतो तो लहानसा, तांबूस विंचू. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र व तमिळनाडूच्या अनेक भागांत तो आढळतो आणि कोकणात तर विशेष. त्याचे विष मज्जातंतूंना सतत चेतवत ठेवते. शरीर जणू अकस्मात मोठ्या संकटात सापडल्याप्रमाणे वागू लागते. दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, तोंडाला लाळ सुटते, रक्तवाहिन्या आकसतात, हातपाय गार पडतात, हृदयावर ताण येतो आणि अखेरीस फुप्फुसांत पाणी भरते. अशा रुग्णाला ठणका फारसा जाणवत नाही, असेही घडते. मूल रडायचे थांबले म्हणून घरचे निश्चिंत होतात, आणि नेमकी तीच वेळ घातक असते.

मांत्रिकाचा लौकिक कसा टिकला, हेही यावरून उमगते. बहुसंख्य दंशांचा ठणका काही तासांत किंवा दिवसभरात आपोआपच ओसरतो. श्रेय मंत्राला मिळते.

हे चित्र पालटले ते महाडच्याच परिसरात. जालना जिल्ह्यातील एका खेड्यात जन्मलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाची बालके डोळ्यांदेखत दगावत होती आणि पाठ्यपुस्तकांत त्यावर नेमका उपाय नव्हता. ते रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून नाडी, रक्तदाब, घाम व हातापायांची ऊब यांची टिपणे ठेवू लागले. १९८२ साली त्यांची निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबावरचे साधे, स्वस्त औषध वापरून पाहिले. आकसलेल्या रक्तवाहिन्या त्याने सैल पडतात. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे ४० टक्के दगावत. ते प्रमाण एक-दोन टक्क्यांपर्यंत उतरले. १९८६ साली हा उपचारही ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातील सुसज्ज प्रयोगशाळेत नव्हे, तर तालुक्याच्या गावी हे काम झाले, याचे आम्हांस अधिक कौतुक वाटते.

विंचवावरची लसही आता उपलब्ध आहे. बावस्कर दांपत्याने ७० रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. केवळ प्राझोसिन दिलेल्यांना बरे होण्यास सरासरी सुमारे अठरा तास लागले. सोबत लसही दिलेल्यांना दहा.

सदनिकेत वाढलेली मुले गावी अनवाणी हुंदडतात, पेंढ्यात व लाकडांच्या ढिगात हात घालतात. त्यांना चपला घालावयास लावावे, अंथरूण व जोडे झटकून घ्यावेत. विंचू अतिनील प्रकाशात हिरवट चमकतो. तसली विजेरी मिळते, ती रात्री उपयोगी पडते. दंश झालाच तर जागा चिरू नये, करकचून बांधू नये. बर्फाने ठणका थोडा हलका होतो, परंतु तेवढ्यावर थांबू नये. लहान मुलास दंश झाला असेल तर ते रडत असो वा शांत असो, तडक रुग्णालय गाठावे. घाम, ओकारी व गार हात यांची वाट पाहू नये. प्राझोसिनची गोळी घरी देऊ नये. तिने रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून ती वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाची असते.

उपचार लागू पडला की घाम थांबतो, तळहात हळूहळू ऊबदार होतात आणि दंशाच्या जागी ठणका पुन्हा जाणवू लागतो. मूल कळवळून रडते. आईचा जीव वरखाली होतो. उशाशी बसलेल्या डॉक्टरांना मात्र ते रडणे ऐकून हायसे वाटते.