ओळखपत्रातून गाळलेले नाव

चाळीसगाव जंक्शनवर एकेकाळी हमालाच्या दंडावरील पितळी बिल्ला हेच त्याचे ओळखपत्र होते. त्यावर फक्त क्रमांक असे. परंतु त्या क्रमांकामागे रेल्वेचा परवाना असल्यामुळे बिल्ला कोणी दिला, याविषयी कोणालाही शंका नव्हती. आज गळ्यातील फितीला लटकणाऱ्या प्लास्टिकच्या कार्डावर नाव आहे, रंगीत छायाचित्र आहे, रक्तगट आहे, चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर संकेत आहे. नेमका मालक कोण, एवढेच त्यावरून कळेनासे झाले आहे.

अशी कार्डे तयार करणे आता तालुक्याच्या गावीही एका दुपारचे काम झाले आहे. संगणकप्रणालीत एक नमुना बसवायचा, एक्सेलमधील यादीचा प्रत्येक रकाना नमुन्यातील ठरावीक जागेशी जोडायचा, मोबाईलवर टिपलेली छायाचित्रे क्रमांकाप्रमाणे लावायची आणि छपाईची आज्ञा द्यायची, की शंभर माणसांची कार्डे ओळीने बाहेर पडतात. छापील पुठ्ठा, त्यावर डकवलेला फोटो आणि फोटोच्या कोपऱ्यावर अर्धवट उमटलेला रबरी शिक्का हा जमाना संपला, याचे दुःख करण्याचे कारण नाही. (छायाचित्राच्या बाबतीत मात्र केकी मूस यांच्या गावाने थोडी खंत बाळगली तरी चालेल.) प्रश्न यंत्राचा नाही. रकाने कोणते ठेवायचे हे यंत्र ठरवीत नाही. ते ठरवतो छपाईचे पैसे देणारा. आणि नगरपरिषदेची सफाई असो, सरकारी रुग्णालयातील वॉर्डाची सेवा असो की औद्योगिक वसाहतीतील कारखाना असो, हे पैसे देणारा पुष्कळदा ठेकेदार असतो.

कंत्राटी कामगारांसाठी १९७० साली कायदा झाला. त्याखालील १९७१ च्या केंद्रीय नियमांनी कामगार कामावर लागल्यापासून तीन दिवसांच्या आत त्याला रोजगार-पत्र देण्याचे बंधन ठेकेदारावर घातले होते. त्या पत्राचा विहित नमुना पाहण्यासारखा आहे. ठेकेदाराचे नाव-पत्ता, काम जेथे चालते ती आस्थापना, मूळ मालकाचे नाव-पत्ता, कामाचे स्वरूप, वेतनाचा दर, वेतनाचा कालावधी आणि नोकरीची मुदत या सर्वांची त्यात जागा होती. सजावट शून्य. पण न्यायालयापुढे ठेवावा असा पुरावा त्या कागदात होता. आजच्या देखण्या कार्डात बोधचिन्ह आले आणि मूळ मालकाचे नाव व वेतनाचा दर गेला. ही गळती अनवधानाने झाली असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. हजेरी मोजण्यास जे लागते ते कार्डावर राहिले आणि हक्क सांगण्यास जे लागते ते वगळले गेले.

या वगळण्याची किंमत काय असते, हे मुंबईच्या कचरा-वाहतूक कामगारांना विचारावे. ही माणसे आपली नव्हेत, ठेकेदारांची आहेत, अशी भूमिका महापालिकेने घेतली होती. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे झुंज दिली, तेव्हा कुठे २,७०० कामगारांना कायम करण्याचा औद्योगिक न्यायाधिकरणाचा निवाडा ७ एप्रिल २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयात टिकला. त्यानंतरही नावांतील आणि कागदपत्रांतील तफावतीपायी अनेकांची नेमणूक अडून राहिली. जिंकलेला खटला इंग्रजी स्पेलिंगने अडवावा, हा आपल्या कारभाराचा खास नमुना आहे.

ही तफावत जन्मते ती एक्सेलच्या यादीतच. अहिराणी बोलणाऱ्या माणसाने तोंडी सांगितलेले नाव कोणीतरी रोमन लिपीत टंकित करतो. आधारवर एक रूप, भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यात दुसरे, कार्डावर तिसरे. चूक करणाऱ्याला तिचा काही खर्च येत नाही; निधीचा दावा परत आला म्हणजे रोज बुडवून खेटे घालतो तो कामगार. म्हणून छपाईपूर्वी यादीचा कागद प्रत्येकाला दाखवून त्याची सही घेणे आणि नाव देवनागरीतही छापणे, एवढा आग्रह युनियनने धरलाच पाहिजे.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अमलात आल्या. प्रत्येक कामगारास नियुक्तिपत्र देण्याची तरतूद त्यांत आहे, आणि ती स्वागतार्ह आहे. मात्र कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची किमान मर्यादा, जी १९७० च्या मूळ कायद्यात वीस कामगारांची होती, ती आता पन्नासची आहे. एकोणपन्नास माणसांच्या ठेक्यांचे पीक येणार, हे भाकीत करण्यास अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. अशा ठिकाणी कार्ड हाच पुष्कळदा एकमेव लेखी दुवा उरेल.

तो दुवाही टिकू नये अशी व्यवस्था कार्डाच्या पाठीमागे असते. ‘हे कार्ड कंपनीची मालमत्ता असून नोकरी सोडताना परत करावे’, अशा अर्थाची ओळ तेथे सर्रास छापलेली असते. कार्ड परत गेले की पुरावाही गेला. चाळीसगाव तालुक्यातील कार्यकर्त्यांनी हे काम लगेच हाती घेण्यासारखे आहे. ठेका बदलण्याच्या वेळी कामगारांच्या कार्डांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, कामाच्या ठिकाणाची आणि रुजू झाल्याच्या तारखेची नोंद करून, युनियनच्या दप्तरी जमा करावीत. आणि नवी कार्डे निघतील तेव्हा मूळ मालकाच्या नावाचा रकाना लेखी मागावा. नमुन्यात एक ओळ वाढवण्यास छपाईवाला जादा पैसे घेत नाही. नकार आला, तर तो ठेकेदाराकडून येईल, आणि तोही लेखीच घ्यावा.