९९ टक्क्यांचा टेंभा

जिनोम सिक्वेन्सिंगचा कुठलाही अहवाल उघडा, सुरुवातीलाच एक आकडा छाती काढून उभा असतो: ९९ टक्क्यांहून जास्त रीड मॅप झाले. हा आकडा दिसला की माझं डोकं फिरतं. हजेरीपटावर सगळी मुलं हजर असली, तरी पाचवीतली किती नववीच्या वर्गात जाऊन बसलीत, हे त्यावरून कळत नाही.

दीडशे अक्षरांचा डीएनएचा तुकडा, म्हणजे रीड, बीडब्ल्यूए-मेम या प्रोग्रामला दिला की तो रेफरन्समध्ये, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या प्रमाण जिनोममध्ये, सर्वांत जास्त जुळणारी जागा शोधतो. खरी जागा रेफरन्समध्ये नसेलच, तर तुकडा निमूटपणे दुसऱ्या एखाद्या मिळत्याजुळत्या जागी जातो आणि ‘मॅप झाला’ म्हणून मोजलाही जातो. प्रोग्रामला दोष देऊ नका. त्याच्या हाती दिलेला रेफरन्सच फाटका आहे. मानवी जिनोम वाचल्याचा नगारा २००० साली व्हाइट हाउसमध्ये वाजला, २००३ मध्ये काम पूर्ण झाल्याचा पुन्हा वाजला, आणि सुमारे ८ टक्के भाग मात्र २०२२ पर्यंत धड वाचलेलाच नव्हता.

पण कोऱ्या जागा परवडल्या. खोट्या भरलेल्या जागा जास्त वाईट.

मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम हा अस्थिमज्जेचा आजार. काही रुग्णांत तो पुढे रक्ताच्या कर्करोगावर जातो. त्याच्या तपासणीत यू२एएफ१ या जनुकातले बदल पाहावे लागतात. हे जनुक २१व्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असतं. डिसेंबर २०१३ मध्ये आलेल्या रेफरन्सच्या जीआरसीएच३८ या आवृत्तीत त्याची एक बोगस प्रत आखूड भुजेवरही चिकटवली गेली. आता त्या जनुकाचा रीड आला की त्याला दोन्ही जागा सारख्याच. प्रोग्राम नाणेफेक करून तो कुठेतरी ठेवतो आणि मॅपिंगची गुणवत्ता शून्य लिहितो. व्हेरियंट शोधणारी पुढची पायरी शून्यवाल्या रीडकडे बहुधा ढुंकूनही पाहत नाही. रुग्णाच्या रक्तात बदल आहे, मशीनने तो वाचलाय, फाइलमध्ये तो पडून आहे. फक्त अहवालात नाही. मासला असा की २००९ च्या जीआरसीएच३७ मध्ये ही बोगस प्रत नव्हतीच! होमोसिस्टिन्युरियाशी निगडित सीबीएस आणि हृदयाच्या ठोक्यांशी निगडित केसीएनई१ यांचीही याच गुणसूत्रावर तीच गत झाली.

उलटा प्रकारही आहे. केएमटी२सी किंवा एमएपी२के३ यांसारख्या जनुकांशी मिळतेजुळते भाग जिनोममध्ये आणखीही आहेत, पण रेफरन्समध्ये त्यांना जागाच नाही. मग सगळे रीड एकाच ठिकाणी कोंबले जातात, कव्हरेज, म्हणजे एका जागेवर पडलेल्या रीडची संख्या, फुगतं आणि दोन वेगळ्या जागांमधला फरक एकाच जागेवरचा बदल म्हणून मिरवतो. कर्करोगाच्या यादीत केएमटी२सी दिसलं की मी आधी कव्हरेज पाहतो.

या चुका आता कुणापासून लपलेल्या नाहीत. बोगस प्रती झाकलेली जीआरसीएच३८ ची आवृत्ती फुकट मिळते. तरी उत्तर ठरलेलं: ‘पाइपलाइन व्हॅलिडेट झालीय, आता हात लावता येत नाही.’ पुन्हा व्हॅलिडेट करायला पैसा आणि वेळ लागतो, हे मला मान्य आहे. पण ती पहिल्यांदा व्हॅलिडेट करताना या जनुकांकडे पाहिलंत का, एवढं तरी सांगा. दुसऱ्या टोकाला ‘टी२टी आला, प्रश्न मिटला’ म्हणणारे उत्साही वीर आहेत. टी२टी म्हणजे २०२२ मध्ये टोकापासून टोकापर्यंत वाचलेला जिनोम, पण तो सीएचएम१३ या एकाच पेशीमालिकेचा. म्हणून तर २०२३ मध्ये ४७ माणसांच्या जिनोमचा पॅनजिनोम मसुदा काढावा लागला.

रेफरन्सची नेमकी आवृत्ती, ती झाकलेली की कच्ची, आणि कुठल्या जनुकांवर वापरण्याजोगे रीड मिळाले नाहीत, एवढं अहवालात छापा. यू२एएफ१ वर तसा एकही रीड नसताना त्यापुढे ‘निगेटिव्ह’ लिहिणं ही शुद्ध लबाडी आहे. तिथे ‘तपासलं नाही’ असं लिहा.