सरपंचपद राखीव झाले, पण पेन कोणाच्या हातात?

जानेवारी २०२१ मध्ये राज्यातल्या १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुकांचा कार्यक्रम लागला. तेव्हा सरपंच थेट जनतेतून नव्हता. आधी सदस्य निवडून आले, मग आरक्षणाची सोडत निघाली आणि सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. २०२२ मध्ये कायदा पुन्हा बदलला. आता या गावांतही सरपंच थेट मतदार निवडतील आणि पद कोणासाठी राखीव आहे हे गावाला आधी कळेल. हा बदल तांत्रिक वाटतो, पण अनुसूचित जातीसाठी राखीव असलेल्या गावांत त्याने सगळे गणित बदलते.

बहुतेक गावांत आपली वस्ती संख्येने लहान. पद राखीव असले तरी मतदार मात्र सगळे गाव. त्यामुळे उमेदवार वस्तीतला असला तरी वस्तीतला नेमका कोण, हे बहुसंख्य समाजाचे पॅनल ठरवते. दोन पॅनल उभी राहतात, दोन्हीकडे आपलाच माणूस असतो आणि बऱ्याचदा तो प्रश्न न विचारणारा म्हणून निवडलेला असतो. वस्तीने एकगठ्ठा मतदान केले तरी निकाल दुसरीकडे लागू शकतो.

हा पेच जुना आहे. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ चा. त्यानंतर पंधरा दिवसांच्या आत मुंबई विधिमंडळात ग्रामपंचायत विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सांगितले होते की, प्रौढ मताधिकार दिला तरी अस्पृश्यांना तेवढा पुरणार नाही, त्यांना वेगळे प्रतिनिधित्व हवे. पुढे ७३ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून राखीव जागा मिळाल्या, पण मत सगळ्या गावाचेच राहिले.

तामिळनाडूतील मदुराई जिल्ह्यात मेलवळवू गावचे अध्यक्षपद १९९६ मध्ये राखीव झाले. निवडून आलेले मुरुगेसन आणि त्यांच्या पाच साथीदारांची ३० जून १९९७ रोजी हत्या झाली. त्याच जिल्ह्यातील पाप्पापट्टी व कीरिपट्टीमध्ये पद राखीव असल्यामुळे २००६ पर्यंत निवडणूक सुरळीत होऊ दिली गेली नाही. आपल्याकडे सहसा खुर्ची अडवत नाहीत, खुर्चीवरचा माणूस निवडतात. रक्त सांडत नाही म्हणून त्याची बातमी होत नाही, एवढेच.

अशा सरपंचाचे पुढे काय होते, ते गावोगाव दिसते. शिक्का उपसरपंचाच्या घरी, ठेकेदार पॅनलप्रमुखाचा आणि सही मात्र सरपंचाची. महिला राखीव असेल तर कारभार आणखी एका हाताने लांब जातो. ग्रामपंचायतीच्या खात्यावर ग्रामसेवकाबरोबर सरपंचाची सही लागते. काम निकृष्ट निघाले, चौकशी लागली, वसुली निघाली की नोटीस सही करणाऱ्याच्या नावाने येते. पेन दुसऱ्याचे असले तरी जबाबदारी आपली राहते.

म्हणून लढू इच्छिणाऱ्या तरुणांनी तयारी अर्ज भरण्याच्या आठवड्यात नव्हे, आजच सुरू करावी.

पहिले, जात वैधता प्रमाणपत्र. मुदतीत सादर झाले नाही तर जिंकलेले पद जाते. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा शोधायला वेळ लागतो.

दुसरे, एकट्याने सरपंचपद लढवू नका. सदस्य सोबत नसतील तर प्रत्येक ठराव अडतो. वस्तीबाहेरचे भूमिहीन, छोटे शेतकरी, भटके-विमुक्त, मुस्लिम यांना घेऊन पॅनल उभे करा. पाणी, रस्ता, घरकुल हे प्रश्न त्यांचेही आहेत.

तिसरे, ‘बिनविरोध’च्या गोडव्याला भुलू नका. नाशिकमधील उमराणे आणि नंदुरबारमधील खोंडामळी येथे पदांचा लिलाव झाल्याने राज्य निवडणूक आयोगाने २०२१ मध्ये तिथली निवडणूक रद्द केली होती. एकमत कुठल्या ओट्यावर झाले आणि तिथे आपल्याला बसायला जागा होती का, हे विचारा.

चौथे, ग्रामसभा. थेट निवडून आलेल्या सरपंचाला सदस्य परस्पर घरी पाठवू शकत नाहीत. तीन चतुर्थांश सदस्यांचा ठराव लागतो आणि त्यानंतर ग्रामसभेत गुप्त मतदान होते. जो सरपंच ग्रामसभेत हिशेब वाचून दाखवतो, त्याच्या मागे ग्रामसभा उभी राहते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करायची असते. ती कुठे गेली, हा प्रश्न विचारायला सरपंच असावे लागत नाही. निवडणुकीआधी एक-दोन वर्षे हा प्रश्न सातत्याने विचारणारा तरुण गावाला आपोआप माहीत होतो.

आणि हाच खरा मुद्दा आहे. पॅनल ज्याला शोधून काढते तो उमेदवार पॅनलचा राहतो. गावासमोर काम करून जो आधीच उभा आहे, त्याच्याशी पॅनलला बोलणी करावी लागतात. आरक्षणाने खुर्ची दिली. तिथे कोणाला बसवायचे याचा निर्णय वस्तीने आधी आणि एकत्र बसून केला नाही, तर तो दुसरे कोणीतरी करेल.