कापडाला गावाचं नाव, बाईचं का नाही?

मागच्या दिवाळीत धानोऱ्याहून पुण्याला परतताना आत्याने शिवलेली एक गोधडी सोबत आणली आणि टीम लीडला भेट दिली. त्याच्या बायकोने ती सोफ्यावर पसरली, फोटो काढला आणि विचारलं, "कुणी केलीय?" मी म्हणालो, "गावाकडची आहे. गडचिरोलीची." दोघंही खूश झाले, मीही झालो. रात्री खोलीवर आल्यावर लक्षात आलं, प्रश्न 'कुणी' असा होता आणि मी उत्तर 'कुठली'चं दिलं होतं.

माझं पोट सॉफ्टवेअरवर चालतं. आमच्याकडे कोडची एक ओळ बदलली तरी ती कुणी आणि कधी बदलली याची नोंद राहते. तीन वर्षांपूर्वी मी दुरुस्त केलेल्या एका फालतू स्वल्पविरामावरही माझं नाव आहे. आणि आत्याचे दोन महिने, जुन्या लुगड्यांचे थर, मोजता न येणारे टाके? त्यांच्यापुढे नाव लागलं जिल्ह्याचं.

माझं भांडण या सवयीशी आहे. पुरुषाने रंग लावला की चित्रकार, बाईने धागा ओवला की 'हौस', आणि ती बाई खेड्यातली असेल तर 'लोककला', म्हणजे कुणाचीच नाही.

मोनिका कोरिया हे नाव तुम्ही ऐकलंय? मीही परवापर्यंत ऐकलं नव्हतं. चार्ल्स कोरिया मात्र माहीत होते, मोठे आर्किटेक्ट. मोनिका त्यांची बायको, आणि बहुतेकांची माहिती इथेच संपते. खरं तर या बाईंचं काम आपल्यासारख्या इंजिनिअरांनी मुद्दाम बघावं असं आहे. जन्म 1938चा, शिक्षण मायक्रोबायॉलॉजीचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल या फिनिश-अमेरिकन विणकर बाईंकडे त्या माग शिकल्या. पुढचं शिक्षण मुंबईच्या विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये झालं.

त्यांनी मागाचं काय केलं ते सांगतो. हातमागाला एक फणी असते. ती ताण्याचे उभे धागे सारख्या अंतरावर धरून ठेवते आणि बाण्याचा आडवा धागा ठोकून घट्ट बसवते. कापड सरळ येतं ते या फणीमुळे. ताण्याचा प्रत्येक धागा फणीच्या दातांतून ओवलेला असल्याने विणकाम चालू असताना ती काढता येत नाही. मोनिका कोरियांनी विणता विणता काढता येईल अशी फणी वापरली. फणी निघाली की उभे धागे मोकळे होतात, वाकतात, एकमेकांकडे सरकतात आणि सुताची नदीसारखी वळणं तयार होतात. इथे 'अनडू' नाही. हे शेकडो वर्षांच्या यंत्राच्या मूळ नियमालाच हात घालणं आहे. त्यांचं 1972चं 'ओरिजिनल सिन' हे विणकाम आज न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे.

आता तुलना करू. प्रभाकर बरवेंनीही विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्येच नोकरी केली, आधी बनारसला, मग मुंबईला. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' मराठीत वाचलं जातं, त्यावर बोललं जातं, आणि ते व्हायलाच हवं. विणकरांच्या केंद्रात काम केलं म्हणून बरवेंना कुणी कारागीर म्हटलं नाही. तिथेच शिकलेल्या आणि धाग्यातच राहिलेल्या बाईचं नाव मात्र आपल्या गप्पांत येत नाही. म्हणजे अडचण संस्थेची नाही, धाग्याची आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. कैरोत 1963 साली जन्मलेल्या गादा आमेर फ्रान्समध्ये कला शिकत होत्या. चित्रकलेच्या एका वर्गात बाई म्हणून आपल्याला घेतलं नाही, असं त्यांनी सांगितलंय. मग त्यांनी सुईदोरा उचलला आणि कॅनव्हासवर भरतकामानेच चित्रं काढली. 'बायकांचं काम' म्हणून हिणवलेली गोष्टच त्यांनी हत्यार केली.

तुम्ही म्हणाल, कोरियाबाईंना मुंबई होती, इंग्रजी होतं, अमेरिकेला जाता आलं. आत्याची त्यांच्याशी तुलना कशाला? बरोबर आहे. पण त्यातून निघतं काय? इतकं सगळं असलेल्या बाईचं नावसुद्धा आपल्यापर्यंत पोचत नसेल, तर काहीच नसलेल्या बाईचं कसं पोचणार?

आमच्या जिल्ह्यातलाच कोसा घ्या. ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढिवर कुटुंबं अळ्या वाढवतात, पाखरांपासून राखण करत जंगलात राहतात. मग कोशातून धागा, धाग्यातून कापड. विदर्भाच्या करवती काठाच्या साडीला भौगोलिक मानांकन आहे. नकलेपासून संरक्षण म्हणून ते चांगलंच आहे. पण त्यात नाव प्रदेशाचं. काठावरचे करवतीचे दात कुणी जुळवले, हे साडी नेसणारीला कळत नाही.

नाव हा मानापानाचा मुद्दा नाही, भावाचा आहे. टीम लीडच्या बायकोने नंतर मेसेज केला, "अजून पाच मिळतील का? गावाकडे स्वस्त पडत असतील ना?" तिची चूक नाही. बिननावाची वस्तू नगावर विकली जाते. नाव मी गाळलं होतं, त्यामुळे भाव पाडायला सुरुवात मीच केली होती.

मी तिला आत्याचं नाव कळवलं, दोन महिन्यांचा हिशेब कळवला आणि त्यावरून किंमत सांगितली. पाचाऐवजी एकच मागवली. चालेल.

आत्याला फोन करून म्हटलं, या खेपेला कोपऱ्यात तुझं नाव शिव. ती हसली. "नाव कायले पायजे रे बाबू? पांघरनाऱ्याले झोप आली म्हंजे झालं."

मी तासभर वाद घातला. शेवटी ती म्हणाली, कापडावर टाकते, पण तुझ्या मोबाइलात टाकू नको. म्हणून या लेखात तिचं नाव नाही. ते ज्या कापडावर असायला हवं तिथे आहे, उजव्या कोपऱ्यात, लाल दोऱ्याने.

तुमच्या घरातही एखादी गोधडी असेल. ती कुणी शिवली, हे आज विचारून घ्या. सांगणारं माणूस अजून घरात आहे तोवर.